हरल्यावर संघ कसा निवडावा

पहिली गोष्ट, मॅचच्या आधी संघ कधीच निवडू नका. आधी निवडलेला संघ हरू शकतो. मॅच होऊ द्या, स्कोअर कळू द्या, रात्री नीट झोपा आणि सकाळी पानठेल्यावर येऊन मग निवडा. आमच्या गावात १० जून २०२५ च्या, आशियाई कपच्या पात्रता फेरीतल्या भारत-हाँगकाँग फुटबॉल मॅचपासून हीच पद्धत आहे आणि तेव्हापासून आमचा एकही संघ हरलेला नाही.

मॅच पूर्ण पाहिलेली असावी, अशीही काही अट नाही. त्या दिवशी मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते, आभाळ कोरडं ठाक, आणि पऱ्हाटीचं बियाणं टोबावं की थांबावं या फिकिरीत अख्खं गाव. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथं सात जण एका मोबाइलवर वाकलेले. अर्धा वेळ स्क्रीनवर चकरीच फिरत होती. आपल्या आशिक कुरुनियननं समोरचा गोल घालवला तो तेवढा दिसला, कारण वाईट गोष्टींना रेंज बरोबर मिळते. जादा वेळेत पुन्हा चकरी. चित्र परत आलं तेव्हा हाँगकाँगवाले नाचत होते. आपला गोलकीपर विशाल कैथ पुढं येऊन बॉल ठोसायला गेला, ठोसा माणसाला लागला, पेनल्टी, १-०.

"म्या पयलेच सांगतलं होतं," किराणावाले काका म्हणाले. काकांनी सांगितलं होतं ते पावसाबद्दल, पण हे वाक्य कुठंही चालतं. पाठच करून टाका.

आता साहित्य. ठेल्याच्या फळीवर सुपारीचे दहा तुकडे मांडा, गोलकीपरच्या जागी चुन्याची डबी. मग एकानं दोन तुकडे पुढं सरकवायचे, दुसऱ्यानं एक मागं ओढायचा आणि तिसऱ्यानं "मिडफिल्डच नाही आपल्याकडं" म्हणून दोन्ही तळहातांनी मधली जागा झाडून काढायची. सावध मात्र राहा. आमचं डावपेचांचं काम ऐन रंगात असताना एक गिऱ्हाईक आलं आणि ठेलेवाल्यानं बोलता बोलता आमचा लेफ्ट बॅक आणि दोन्ही स्टॉपर उचलून पन्नीत टाकले, वर तंबाखू-चुना घातला आणि खर्रा घोटायला घेतला. पाच मिनिटांत भारताचा अख्खा बचाव एका माणसाच्या गालात गेला. विरोधी संघालाही याहून जास्तच वेळ लागतो.

खेळाडू निवडताना जो खेळला नाही तोच निवडा. बाकावर बसलेला माणूस कधी पास चुकवत नाही. आपल्या जुन्या कॅप्टनचं, सुनील छेत्रीचंच बघा. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो निवृत्त झाला, मार्च २०२५ मध्ये परत आला आणि शिलाँगला बांगलादेशशी ०-० झालं. तेव्हा ठेल्यावर ठरलं, "चाळीस वर्षाच्या माणसाले कायले आणलं बे, पोट्टे मेले काय?" जूनमध्ये हाँगकाँगच्या मॅचला त्याला सुरुवातीला बाहेर ठेवलं. लगेच ठरलं, "छेत्रीले बसवून कायले ठेवलं बे?" तोंड तेच, खर्राही तोच. मध्ये बरोबर अकरा आठवडे गेले होते. दोन मतांमध्ये एवढं अंतर ठेवलं तर कोणी विचारत नाही. त्याहून कमी ठेवाल तर एखादं पोट्टं जुना व्हिडिओ काढून दाखवील.

प्रशिक्षकाच्या बाबतीत तर काम आणखी सोपं. स्पेनचा मानोलो मार्केझ भारताचा संघ सांभाळत होता आणि सोबत एफसी गोवा हा क्लबही. शहरातल्या लोकांना याचं फार नवल वाटलं. आम्हाला काही वाटलं नाही. आमच्या तलाठ्याकडं चार गावांचा चार्ज आहे आणि तो आमच्या गावात असतो असा दिवस आम्ही अजून पाहिलेला नाही. आठ मॅचमध्ये एक विजय, तोही मालदीववर. जुलैत मार्केझ गेला. तोवर आपण "आपला माणूस पाहिजे" म्हणत होतो, आपलाच खालिद जमील आला. मग मडगावला सिंगापूरकडून १-२, आशियाई कपचं दार बंद. नोव्हेंबरात ढाक्यात ०-१, बांगलादेशकडून २००३ नंतर पहिल्यांदाच हार. तेव्हापासून आपण "बाहेरचा माणूस पाहिजे" म्हणतो. हेच उलटसुलट म्हणत राहा, कधी ना कधी बरोबर ठराल.

चर्चा थंडावली की "१४० कोटींत अकरा सापडत नाहीत!" हे टाकायचं. तेव्हा जागतिक क्रमवारीत हाँगकाँग १५३ वा होता, आपण १२७ वे, हेही जोडा, म्हणजे अभ्यास दिसतो. फक्त त्या १४० कोटींपैकी किती जणांच्या पायाला फुटबॉल लागलाय, ही चौकशी करू नका. आमच्या शाळेत एक फुटबॉल आहे. तो कपाटात आहे. किल्ली ज्या सरांकडं होती त्यांची बदली झाली.

परदेशातल्या भारतीय वंशाच्या पोरांना बोलवा, हा मुद्दाही जोरात मांडा. बांगलादेशनं इंग्लंडमधून बांगलादेशी वंशाचा हमझा चौधरी आणलाच की. आम्हीही १५ ऑगस्टला शेजारच्या गावाशी मॅच होती म्हणून पुण्याला कंपनीत लागलेल्या चौघांना फोन केले. एकाला सुट्टी नव्हती, एकाचं तिकीट वेटिंगवर, तिसऱ्यानं बुटाचे पैसे मागितले, चौथ्यानं फोनच उचलला नाही.

शेवटी नऊ जण जमले. ज्याचा बॉल तो फॉरवर्ड, हा आमचा घटनादत्त नियम. ज्याची ट्रॉली तो कॅप्टन. बाकीच्यांनी चिखलात उभं राहायचं. आम्ही ०-४ हरलो.

संध्याकाळी ठेल्यावर पुन्हा सुपारी मांडली गेली. फॉरवर्ड बरोबर होता, कॅप्टन तर होताच होता. मग काकांनी चष्मा वर केला, फळीच्या टोकाकडं बोट नेलं आणि म्हणाले, "सारी गडबड इथं झाली बाप्पा. याले कोनं घेतलं होतं?"

मी चुन्याची डबी उचलली, खिशात घातली आणि घरी आलो.