‘अनुभव लावून घ्या’ म्हणणाऱ्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागू लागले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला चार वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. सोबत एका वॉक-इन मुलाखतीच्या रांगेची चित्रफीत आहे आणि मजकूर थोडक्यात असा : एआयने फ्रेशरची, म्हणजे पहिलीच नोकरी शोधणाऱ्या नव्या पदवीधरांची, कामे संपवली, पगार वर्षाला अडीच लाखांवर आला, कॅम्पसमध्ये निवड झाली नाही तर पुढे दार बंद, सहा महिने घरी बसलात तर कायमचे बसलात, म्हणून दोन वर्षांचा अनुभव ‘लावून घ्या’, म्हणजे नसलेला अनुभव कागदोपत्री दाखवा. शेवटी एका क्लासचा मोबाइल नंबर आहे. पुण्यात फ्रेशरच्या मुलाखती घेण्यात माझी बारा वर्षे गेली आहेत. या संदेशातील काही विधाने अर्धी खरी आहेत, आणि तो इतका पसरतो तो त्या अर्ध्या खरेपणामुळेच.

भरती आटली, हे खरे आहे. २०२१-२२ या आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख आणि इन्फोसिसने ८५ हजार फ्रेशर घेतले होते. २०२३-२४ मध्ये इन्फोसिसचा हाच आकडा १२ हजारांच्या आत आला आणि टीसीएसची एकूण कर्मचारीसंख्या वर्षभरात १३ हजारांहून अधिक घटली. मात्र याचे खापर सरसकट एआयवर फोडताना कालक्रम विसरला जातो. करोनाकाळात परदेशी ग्राहकांनी एकाच वेळी कामे काढली, कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त माणसे घेऊन ठेवली, आणि मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर गेल्यावर त्याच ग्राहकांनी हात आखडता घेतला. चॅटजीपीटी तर त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस आले. दुसरे कारण बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. सेवा कंपन्यांमध्ये, म्हणजे ग्राहकांची सॉफ्टवेअरची कामे करून देणाऱ्या कंपन्यांमध्ये, फ्रेशरची जागा मुख्यतः वरचा माणूस नोकरी सोडून गेल्यामुळे तयार होते, आणि या सोडून जाण्याचे प्रमाण, ज्याला कंपन्यांत सगळे अ‍ॅट्रिशनच म्हणतात, इन्फोसिसमध्ये २०२२ च्या मध्याला २८ टक्क्यांच्या वर होते ते मार्च २०२४ पर्यंत १३ टक्क्यांच्या खाली आले. वरचे हलेनात म्हणून खालच्यांना जागा मिळेना, असा हा साधा हिशेब आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, टीसीएसने सुमारे ४२ हजार आणि इन्फोसिसने सुमारे १५ हजार फ्रेशर घेतले, ही गोष्ट संदेशात अर्थातच नाही. एआयचा परिणाम मी नाकारत नाही. पूर्वी नव्या मुलाला पहिले सहा महिने ज्या किरकोळ दुरुस्त्या आणि चाचण्या दिल्या जात, त्यातल्या बऱ्याच आता एआयच्या मदतीने त्याचा वरिष्ठच उरकतो. त्यामुळे मुलाखतीतला प्रश्न बदलला आहे : ‘प्रोग्राम लिहून दाखव’ याऐवजी ‘हा लिहिलेला प्रोग्राम कुठे चुकला आहे ते सांग’ असे आम्ही अधिक विचारतो.

अडीच लाखांचा आकडा आला कुठून, तेही पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या २.५२ लाख रुपयांच्या जाहिरातीवरून समाजमाध्यमांवर मोठी टिंगल झाली. ती जाहिरात तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी होती आणि अभियंत्यांसाठी वर्षाला ४ ते १२ लाख दिले जातात, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही. पगाराबद्दलची खरी तक्रार याहून जुनी आहे : मोठ्या सेवा कंपन्यांचा सुरुवातीचा आकडा दहा-बारा वर्षांपासून साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे आणि हिंजवडीतले खोलीभाडे मात्र घुटमळलेले नाही.

कॅम्पसबाहेर दार बंद, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. टीसीएसची एनक्यूटी (नॅशनल क्वालिफायर टेस्ट) ही भरती परीक्षा महाविद्यालय न पाहता देता येते; शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील पदवीधरांच्या जागा राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करून मिळवता येतात आणि या शिकाऊ उमेदवारीचे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईतच आहे; शिवाय ओळखीच्या कर्मचाऱ्यामार्फत दिलेले रेफरल म्हणजे वशिला नव्हे, त्याने फक्त अर्ज कोणाच्या तरी डोळ्यांखालून जातो.

गेल्या वर्षी असाच आलेला एक अर्ज मला आठवतो. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील त्या मुलीने गावच्या दूध संकलन केंद्रासाठी फॅट आणि एसएनएफवरून (दुधातील स्निग्धांश आणि इतर घन घटक) दर काढणारा छोटा प्रोग्राम केला होता. रेझ्युमेवर त्याची एकच ओळ होती. मी विचारले, नोंद चालू असताना वीज गेली तर? ती हसली आणि म्हणाली, “सर, तेच झालं होतं. एका काकांचं साडेसात लिटर दूध दोनदा चढलं आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याच घरी आले.” मग तिने प्रत्येक पावतीला स्वतंत्र क्रमांक कसा दिला आणि अर्धवट नोंद परत कशी फिरवली, हे कागदावर काढून दाखवले. त्याच दिवशी आलेल्या चार रेझ्युमेंवर हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम होती, चारही अक्षरशः सारखी, आणि एकालाही त्यातला रुग्णाचा तक्ता इतर तक्त्यांशी कोणत्या ‘की’ने, म्हणजे ओळखीच्या रकान्याने, जोडला आहे ते सांगता आले नाही. मुलीची निवड झाली.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल थोडक्यात. अनेक कंपन्या शिक्षणातील खंड दोन वर्षांपर्यंत चालवून घेतात आणि भरतीच्या सूचनेत कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांनी अर्ज करावा तेही लिहितात, त्यामुळे घड्याळ चालू असते हे खरे. पण ते सहा महिन्यांचे नसते. २०२२ च्या तुकडीतल्या कित्येकांना हातात ऑफर लेटर असूनही रुजू होण्यासाठी दोन वर्षे थांबावे लागले, हे मुलाखत घेणाऱ्यांनाही माहीत आहे.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे ते शेवटचे वाक्य. ‘लावून घेतलेला’ अनुभव म्हणजे कुठल्या तरी कागदी कंपनीचे पत्र आणि पगाराच्या बनावट पावत्या. बहुतेक आयटी कंपन्यांत भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि त्याच्या यूएएन या खाते क्रमांकावर आधीच्या नोकऱ्यांची नोंद दिसते. दोन वर्षांची नोकरी सांगणाऱ्याच्या नावावर एकही हप्ता नसेल तर पडताळणी करणारी संस्था तिथेच थांबते. ही पडताळणी पुष्कळदा रुजू झाल्यानंतर पूर्ण होते, म्हणजे मुलगा गावी पेढे वाटून आल्यानंतर. आणि त्याआधीच दहा मिनिटांत आम्हाला बहुधा कळलेले असते. मी फक्त विचारतो की शेवटचे रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, रात्री किती वाजता गेले, त्याला मंजुरी कोणाची लागत होती आणि बिघडल्यावर फोन कोणाला आला. ज्याने ते केले आहे तो लगेच कंटाळून सांगू लागतो. ज्याने केलेले नाही तो पाठ केलेली व्याख्या म्हणू लागतो.

माझ्या भाच्यासाठी मी संदेशातील त्या नंबरावर फोन केला. अनुभवाचे पत्र, मुलाखतीची तयारी आणि ‘शंभर टक्के जॉइनिंग’ असे सारे मिळेल, असे पलीकडच्या बाईंनी अदबीने सांगितले. निम्मी रक्कम आधी भरायची होती. पावती कशाची मिळेल, असे विचारल्यावर उत्तर आले, “सर, पावतीवर फक्त ट्रेनिंग फी लिहितो.”