वेगळे बिऱ्हाड

मे महिन्यात खानदेशातला पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसला की माणसाला सावली, म्हशीला पाणी आणि संगणकाला हवा लागते. पंख्यावर गार होणारा प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, हा नियम धुळ्यात कोणाला शिकवावा लागत नाही. महाबळेश्वरच्या संगणकाचा पंखा कशी हवा आत ओढत असेल याची कल्पना मी करू शकतो. आमचा पंखा दुपारी जी हवा ओढतो, तिच्यावर गच्चीतले पापड वाळतात. त्यातून आमचा संगणक नामांकित कंपनीचा. त्याचा काळा, सडपातळ डबा पुढून पूर्ण बंद होता, आणि हवेसाठी म्हणून ठेवलेली भोके कंपनीच्या बोधचिन्हाच्या मानाने फारच लहान होती. शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. माझा प्रोसेसर सकाळी अकरालाच तसे करू लागला. जिनिंगवाल्यांची आणि खत-बियाण्यांच्या दुकानांची जीएसटी विवरणपत्रे मी भरतो, त्यांची २० तारीख प्रोसेसरच्या तब्येतीसाठी थांबत नाही.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने बाजूचे झाकण काढून निदान केले. "मामा, ज्यावर सगळं बसतं तो मदरबोर्ड चांगला आहे, प्रोसेसर चांगला आहे, रॅम चांगली आहे. फक्त डबा वाईट आहे. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट आणू आणि सगळं त्यात टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे." अर्ध्या तासाचे काम हे शब्द आमच्याकडे विहिरीवरची मोटर काढणाऱ्यापासून लग्नाची बैठक ठरवणाऱ्यापर्यंत सगळेच वापरतात, आणि ते उच्चारले गेले की शहाणा माणूस जेवून घेतो. नवे कॅबिनेट आले. त्याला एका बाजूला काच, पुढे जाळी आणि आत रंगीबेरंगी दिवे लागलेले तीन पंखे होते. काच आणि दिव्यांची मागणी माझी नव्हती.

कंपनीचा संगणक हे जुन्या वळणाचे एकत्र कुटुंब असते. बाहेरून पाहणाऱ्याला प्रत्येक घटक स्वतंत्र, कर्तबगार आणि कुठेही नांदेल असा दिसतो. वाटणी करायला बसल्यावरच कळते की धाकट्याच्या खोलीचे छप्पर थोरल्याच्या भिंतीवर टेकलेले आहे, विहीर एकाची आहे आणि दोर दुसऱ्याचा आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले ते नेमके हे टाळण्यासाठी. बोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांच्या जागा, वीज देणाऱ्या प्लगचा आकार ही सगळी मापे जगजाहीर असावीत, म्हणजे कोणाचाही बोर्ड कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसेल, असा तो सरळ हिशेब होता. बाजारातले सुटे भाग तो हिशेब पाळतात. मोठ्या कंपन्या तो वाचतात, मान डोलावतात आणि पुढे आपल्याला हवे तेच करतात.

आमची पहिली गाठ पडली एसएमपीएसशी, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज वाटणाऱ्या डबीशी. सर्वसाधारण एसएमपीएसमधून मदरबोर्डाकडे जाणारा मुख्य प्लग २४ पिनांचा असतो. आमच्या बोर्डावर त्या जागी सहा पिनांचे एक टीचभर सॉकेट होते. जुना एसएमपीएस तसाच नव्या कॅबिनेटमध्ये बसवावा, तर तो कंपनीने सडपातळ डब्याच्या मापाने लांबुडका घडवलेला होता आणि नव्या कॅबिनेटच्या चौकटीत त्याचा एकही स्क्रू भोकासमोर येत नव्हता. आग्रा रोडवरच्या दुकानदाराने बोर्डाचा फोटो पाहून "भाऊ, हे कंपनीचं आहे," असे सांत्वनाच्या सुरात म्हटले आणि चोवीसचे सहा करणारी वायर मागवून दिली. ती वायरसुद्धा नुसती वायर नव्हती. एटीएक्समध्ये संगणक बंद असतानाही बोर्डाला ५ व्होल्टची एक बारीक धार चालू असते. आमच्या बोर्डाला तिथे बाराच्या आसपास व्होल्ट हवे होते, म्हणून त्या वायरच्या पोटात व्होल्टेज वाढवणारे एक छोटे सर्किट शिवलेले होते. हार्ड डिस्कची वीज एसएमपीएसमधून न घेता बोर्डातूनच घ्यायची, असाही या घराचा रिवाज निघाला. दुसऱ्या कोणाची वीज शिवायची नाही, इतका कडक सोवळेपणा मी आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातही पाहिला नव्हता.

त्यापुढची गंमत हीटसिंकची, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची. सुट्या बाजारात मिळणाऱ्या हीटसिंकला बोर्डाच्या पाठीमागून आधार देणारी पट्टी असते किंवा बोर्डातच अडकणाऱ्या खुंट्या असतात. आमच्या हीटसिंकचे चार लांब स्क्रू मात्र बोर्डाच्या आरपार जाऊन थेट जुन्या डब्याच्या पत्र्यात पिळले जात होते. डबा सोडला की त्या स्क्रूंना जगात धरायला काहीच उरत नव्हते. भाच्याने तोडगा काढला, की त्याच जाडीचे बोल्ट घ्यावेत आणि मागून प्लास्टिकचे वायसर घालून नटांनी आवळावेत. मी जुना स्क्रू खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो बोटांत फिरवून पाहिला आणि गंभीरपणे विचारले, "पाण्यातली मोटर का वरची?" संगणकाची असे सांगितल्यावर त्याने स्क्रू पुन्हा एकदा उजेडात धरला, "म्हणजे अर्धा एचपीपेक्षा कमीच," असे ठरवले आणि हवा तो बोल्ट बिनचूक काढून दिला. संपूर्ण प्रकरणात ज्याला आपल्या मालाचे माप ठाऊक होते असा हा एकमेव माणूस भेटला, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

स्क्रूंचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार आणखी. संगणकात साधारण दोन जातींचे बारीक स्क्रू असतात. एकाचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, दुसऱ्याचे इंचाच्या. हार्ड डिस्कला इंची लागतात, तिची नवी, न फिरणारी बहीण जी एसएसडी, तिला मिलिमीटरचे. बशीत एकत्र पडले की दोघे सख्खे भाऊ दिसतात, डोळ्यांजवळ नेले तरच एकाचे आटे अंमळ जाड वाटतात, आणि चुकीच्या भोकात गेलेला स्क्रू पहिले दोन वेढे अगदी आज्ञाधारकपणे घेतो. या बशीपुढे आम्ही दोघे भिंगातून पाहत बसलो असताना आमचे आप्पा आले, कॉटभर पसरलेल्या तारा आणि पत्रे पाहून म्हणाले, "हाऊ काय पसारा मांडेल से?" आणि उत्तराची वाट न पाहता ओसरीवर निघून गेले.

बोर्ड शेवटी बसला. मागच्या बाजूला, जिथे यूएसबीची आणि मॉनिटरची भोके येतात, तिथली पट्टी जुन्या डब्याच्या पत्र्यातच कोरलेली असल्यामुळे ती बरोबर येणे शक्य नव्हते. नव्या कॅबिनेटला तिथे हातभर वाटावी अशी मोकळी खिडकी राहिली. धूळ हा आमच्या गावाच्या नावातलाच अर्धा भाग असल्याने आणि पालींना उबदार जागा आवडत असल्याने चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ती बुजवली. त्यावरचा "साईज ८" अजून वाचता येतो.

संगणक सुरू करण्याचा मुहूर्त आला तेव्हा बटणाचा प्रश्न उभा राहिला. नव्या कॅबिनेटच्या बटणातून दोन पिनांची साधी तार येते. आमच्या बोर्डाला बटण, दिवा, पुढचे यूएसबी आणि आवाज हे सगळे आपापल्या खास प्लगांतून, एका विशिष्ट पट्टीवरून आलेले हवे होते. योग्य त्या दोन पिना शोधून भाच्याने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्यांच्यावर क्षणभर टेकवले आणि यंत्र सुरू झाले. पडद्यावर मात्र कंपनीच्या नावाखाली पत्र आले, की पुढची आवाजाची तार सापडत नाही, पुढचे यूएसबी सापडत नाही, मागचा पंखा सापडत नाही. पुढे जायचे असल्यास एफ-१ दाबा. मागचा पंखा नव्या कॅबिनेटमध्ये जोरात फिरत होता, पण तो कंपनीचा नव्हता, त्याचा प्लगही वेगळा होता, म्हणून बोर्डाच्या लेखी तो नव्हताच. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ही चौकशी बंद करण्याची सोय शोधली, तीही कंपनीने ठेवलेली नव्हती.

मग जुन्या डब्याच्या तोंडावरची बटणाची पट्टी आणि जुना पंखा उपटून आणले, बोर्डाला जोडले आणि नव्या कॅबिनेटच्या आत दुहेरी टेपने चिकटवून टाकले. आता काचेतून पाहिले की लाल-निळ्या दिव्यांच्या झगमगाटात कंपनीचे जुने बटण कोणी दाबण्याची शक्यता नसलेल्या जागी तुरुंगवास भोगताना दिसते, आणि बोर्ड त्याच्या समाधानात एफ-१ न मागता सुरू होतो. दिव्यांचा रिमोट हरवला असल्याने ते बंद करता येत नाहीत. न्यायाने एवढे सांगितले पाहिजे, की विंडोजने या स्थलांतरात एक अक्षर विचारले नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून अशा संगणकांत परवान्याची किल्ली मदरबोर्डाच्या चिपमध्येच कोरलेली येते, त्यामुळे बोर्ड जिथे गेला तिथे परवाना मुकाट्याने गेला. साऱ्या घरात तोच एक समजूतदार निघाला, आणि त्याच्यासाठी मी आधीपासून पैसे बाजूला काढून ठेवले होते.

उपयोग झाला का, असे शेजारीपाजारी विचारतात. झाला. हवा खेळू लागली आणि सकाळी अकराला मान टाकणारे यंत्र आता दुपारी दीडपर्यंत ताठ बसते. त्यानंतर मात्र जाळी, पंखे आणि काच यांचा इलाज चालत नाही, कारण आत जाणारी हवाच धुळ्याची असते. हा सगळा हिशेब मी मोठ्या अभिमानाने आप्पांना सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, उशी सरळ केली आणि म्हणाले, "दीड वाजता ते मी बी झोपस."