‘अहवाल स्वच्छ आहे, मग बंधने कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लहान गावांनी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती संरक्षित क्षेत्र (घाण खाली उतरू नये म्हणून वापरावर बंधने असलेली जागा) आखावे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, माती आणि खडक पाणी गाळूनच खाली सोडतात, तपासणीचे अहवाल वर्षानुवर्षे स्वच्छ येतात, शिवाय क्लोरीन असतोच. मग शेतकऱ्याच्या खताकडे बोट दाखवून लोकांना घाबरवायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. घाईत दोन ओळी लिहून तो मिटवावा असे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जमीन पाणी गाळते, हे खरेच आहे. पण हे काम मुख्यतः वेळ करतो. पाणी जमिनीखाली जितके दिवस रेंगाळेल तितके त्यातले रोगजंतू मरत जातात. म्हणून जर्मनीत विहिरीभोवतीची हद्द दिवसांत मोजतात: अगदी लगतची किमान १० मीटर जागा पूर्ण बंद, आणि त्यापुढे जिथून पाणी विहिरीपर्यंत यायला ५० दिवस लागतात तिथवर दुसरा पट्टा. बारीक वाळूत पाणी दिवसाला जेमतेम हातभर सरकते. भेगाळलेल्या खडकात किंवा चुनखडीत तेच पाणी एका दिवसात शेकडो मीटर जाऊ शकते. त्यात पंप सुरू झाला की विहीर आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढू लागते आणि भूजलाचा नैसर्गिक उतार बदलतो. तुमचे विधान एका गावात खरे ठरेल आणि शेजारच्याच गावात खोटे. वरून पाहून ते कळत नाही, खालचा खडक तपासावा लागतो.

वॉकर्टनचे उदाहरण लेखात एका ओळीत उरकले, ती माझी चूक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले हे सुमारे ४,८०० वस्तीचे गाव. तिथली ५ क्रमांकाची विहीर उथळ होती. पाणी जमिनीखाली पाच ते आठ मीटरवरच्या भेगाळ खडकातून येत असे आणि वर मातीचा थरही पातळ होता. मे २०००मध्ये काही दिवस जोराचा पाऊस झाला, जवळच्या शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू विहिरीत उतरले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. क्लोरीन तिथेही होता, पण पुरेसा नव्हता. पाण्यात उरलेला क्लोरीन रोज मोजायचा असतो. तो न मोजताच आकडे वहीत भरले जात होते. नंतरच्या न्यायालयीन चौकशीने हेही नमूद केले की त्या शेतकऱ्याने खत रीतीप्रमाणेच टाकले होते, त्याला दोष देता येणार नाही. माझ्या मते त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सगळे नीट वागणारा शेतकरी आणि चुकीच्या जागी खोदलेली विहीर, एवढ्यावरही अनर्थ होऊ शकतो.

आता स्वच्छ अहवालाबद्दल. नमुना ज्या दिवशी बाटलीत भरला त्या दिवसाचेच तो सांगतो. जंतूंची चाचणी पूर्ण व्हायला साधारण एक दिवस जातो. निकाल हाती येईतो ते पाणी लोकांच्या पोटात गेलेले असते. आणि धोका येतो तो मोठ्या पावसानंतर. न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये भूजल ‘सुरक्षित’ मानले गेले होते, म्हणून त्यात क्लोरीनही घालत नसत. ऑगस्ट २०१६मध्ये अतिवृष्टीनंतर कुरणातली मेंढ्यांची विष्ठा पाण्याबरोबर जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या थरात, शिरली आणि सुमारे १४,००० वस्तीच्या त्या गावात पाच हजारांहून जास्त लोक आजारी पडले.

क्लोरीन जंतूंसाठी आहे आणि तो हवाच, त्यावर आपला वाद नाही. पण खतातून आणि शोषखड्ड्यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटवर त्याचा काही उपयोग नाही. पाणी उकळले तर वाफ जाते आणि नायट्रेट उलट दाटते. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठीची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती प्रामुख्याने बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी. ट्रायक्लोरोएथिलीनसारखे तेलकट डाग काढणारे द्रावक तर पाण्यापेक्षा जड. ते जलधराच्या तळाशी जाऊन बसते आणि दशकानुदशके थोडे थोडे विरघळत राहते. अमेरिकेतल्या वोबर्नमध्ये १९७९मध्ये ते सापडले, तेव्हा गावाच्या दोन विहिरी बंद कराव्या लागल्या. एकदा बिघडलेले भूजल उपसून साफ करणे हे पिढ्यांचे काम होऊन बसते. विहीर जपायचा खर्च त्यापुढे फारच थोडा.

तुम्ही विचारले आहे, गावाकडे पैसा नसेल तर काय करायचे. सोडून दिलेल्या विंधन विहिरी आधी शोधा. उघडी पडलेली जुनी विहीर म्हणजे वरच्या घाणीला थेट जलधरापर्यंत नेणारी नळी. मातीच्या सगळ्या थरांना ती बगल देते. तिच्यात दगडमाती ढकलून भागत नाही, सिमेंट किंवा बेंटोनाइट मातीने (ओली झाली की फुगून भेगा बुजवणारी चिकणमाती) ती तळापासून वरपर्यंत बंद करावी लागते. चालू विहिरीचे केसिंग (आत बसवलेली संरक्षक नळी) जमिनीच्या वर आहे का, त्याच्या बाहेरची पोकळी भरली आहे का, भोवतीच्या ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, हे एका सकाळी पाहून होते. मग डिझेलची टाकी, खताचा साठा आणि शोषखड्डे कुठे आहेत ते नकाशावर मांडा. आणि नमुना मोठ्या पावसानंतर लगेच घ्या.

राहिला शेतकरी. इथे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटले. जर्मनीच्या कायद्यात अशा क्षेत्रातल्या शेतकऱ्यावर नेहमीच्या शेतीपेक्षा जास्त बंधने आली, तर नुकसानभरपाईची तरतूद आहे. पाणी सगळ्या गावाचे असेल तर बोजाही सगळ्या गावाने उचलावा. लेखात हे यायला हवे होते. ‘बेजबाबदार शेतकरी’ हे माझे शब्दही चुकीचे होते. ते आज काढले आहेत आणि भरपाईचा परिच्छेद तिथे घातला आहे.




तुमच्या गावच्या विहिरीची खोली आणि वरच्या थरांची नोंद मिळाली, तर ती इथेच लिहा. आपण मिळून पाहू.