अश्रू खरे आहेत, आईचा निरोप रचलेला आहे

एक व्हिडिओ सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. मंचावर माइंड रीडर, समोर प्रेक्षकांतून बोलावलेली बाई. तो तिला डोळे मिटायला सांगतो, ज्या माणसाला परत एकदा भेटावंसं वाटतं त्याचा चेहरा आठवायला सांगतो, आणि थोड्या वेळाने तिच्या गेलेल्या आईचं नाव घेतो. बाई हुंदके द्यायला लागते. मग तो म्हणतो, ‘आई सांगतेय, तुझं काही चुकलं नाही.’ खालच्या मजकुरात चार दावे आहेत. असे अश्रू खोटे नसतात, म्हणजे मन वाचता येतं. नाव तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. माणसाची देहबोली 93 टक्के सगळं सांगून टाकते. आणि अशा कार्यक्रमांनी दुःख हलकं होतं, म्हणून आपल्या दुःखी माणसांना तिथे जरूर न्या.

माझ्या मावशीला हा व्हिडिओ नात्यातल्याच लोकांनी पाठवला. काका जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. तिने आता अशाच एकाकडे ‘वैयक्तिक सत्रा’साठी फॉर्म भरायला घेतलाय. त्या फॉर्ममध्ये गेलेल्या माणसाचं नाव, नातं, मृत्यूची तारीख आणि फोटो मागितलाय. जे नंतर ‘ओळखून’ दाखवायचं, ते सगळं आधीच लिहून घ्यायचं! हे वाचल्यावर मला गप्प बसवेना.

अश्रू खरे आहेत, हे मान्य. त्या बाईला कुणी पढवून आणलं होतं असंही मी म्हणत नाही. पण अश्रूंवरून एवढंच कळतं की तिची आई गेली आहे आणि तिला आईची आठवण येते. समोरच्याला नाव कसं कळलं, हे त्यावरून कळत नाही. डोळे मिटून, मंद संगीतात, आईचा चेहरा आठवायला सांगितलं तर नाव घेण्याआधीच कुणाचाही गळा दाटेल. मन वाचल्यासारखे खेळ करणाऱ्या मेंटॅलिस्टना हे पक्कं ठाऊक असतं. पत्त्यांतलं पान ओळखलं तर लोक टाळ्या वाजवतात आणि ‘कसं केलं’ म्हणून विचारत राहतात. गेलेल्या माणसाचं नाव ओळखलं की तो प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही, कारण रडणाऱ्या बाईसमोर शंका काढणं निष्ठुरपणाचं वाटतं.

‘कुणालाच सांगितलं नव्हतं’ म्हणे. सांगितलं नसेल, पण लिहिलं होतं का? कार्यक्रमाआधी लॉबीत भरून घेतलेली चिठ्ठी, खाली ठसा उमटवणारं पॅड, घडी घातलेला कागद फाडताना चोरून टाकलेली नजर, ऑनलाइन बुकिंगवरून सापडलेलं फेसबुक खातं. हे या धंद्यातले जुने मार्ग आहेत. 1986 मध्ये अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा धर्मोपदेशक हजारोंच्या सभेत अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार सांगायचा आणि लोक ढसाढसा रडायचे. जेम्स रँडी या जादूगाराच्या पथकाने रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्झवर पोपॉफच्या बायकोचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या कार्डांवरची माहिती ती त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. रडणारे लोक खरेच होते.

93 टक्क्यांचा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आलाय. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढाच तिथला प्रश्न होता. चेहरा बघून ‘सुमती’ की ‘शालिनी’ हे कळण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. अर्धसत्य एवढंच की वस्तू कुठे लपवलीय हे ठाऊक असलेल्या माणसाचा हात धरून चाललं, तर त्याच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून ती शोधता येते, आणि ते कसब खरंच दाद देण्यासारखं आहे. पण स्नायू नाव सांगत नाहीत.

आता सगळ्यात वाईट दावा, दुःख हलकं होण्याचा. प्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनीची आई सिसिलिया 1913 मध्ये गेली. ते दुःख त्याला आयुष्यभर पेललं नाही. 1922 च्या जून महिन्यात अटलांटिक सिटीत त्याचे मित्र, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने प्लँचेटसारख्या बैठकीत त्याच्या आईचा ‘निरोप’ पानांमागून पानं भरून लिहून दिला. डॉइल दांपत्याने पैसे मागितले नव्हते, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. हुदिनी स्वतः विश्वास ठेवायला आतुर होऊन बसला होता. पण पहिल्या पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता, आणि त्याची आई ज्यू धर्मगुरूची बायको. सगळा मजकूर इंग्रजीत होता, आणि आईला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. डॉइल यांच्याकडे दोन्हींची स्पष्टीकरणं तयार होती. हुदिनीच्या हाती मात्र आईऐवजी परक्या बाईची वाक्यं आली. पुढे 1926 मध्ये मरेपर्यंत तो अशा बैठकांमागची लबाडी उघडी पाडत राहिला.

व्हिडिओतल्या बाईचंही तेच झालं. नाव कुठून तरी मिळवलेलं असेल, पण ‘तुझं काही चुकलं नाही’ हे वाक्य मंचावरच्या माणसाने स्वतः बनवलंय. तिच्या आईला काय वाटत होतं, हे त्याला कसं माहीत असणार? आणि हे वाक्य कुणालाही लागू पडतं, कारण आईबाप गेल्यावर ‘आपण कमी पडलो’ असं जवळजवळ प्रत्येकालाच वाटतं. मावशीला उद्या कुणी असंच वाक्य सांगेल, तिला बरं वाटेल, आणि पुढच्या निरोपासाठी ती पुन्हा पैसे भरेल. तिला काकांबद्दल जे बोलायचंय ते ऐकायला आम्ही आहोत. काकांना प्रत्यक्ष ओळखणारी माणसं आहेत.

मेंटॅलिझमवर माझा राग नाही. ‘हा खेळ आहे’ असं सांगून तो करणारे कलाकार आहेत आणि त्यांचे खेळ मी आवडीने बघतो. पण मेलेल्या माणसाच्या नावाने निरोप देणं हा खेळ नाही. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हा गुन्हा ठरवलाय. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

ज्यांना तरीही तो माणूस मन वाचतो असं वाटतं, त्यांनी त्याला एवढंच विचारावं: काही लिहून न घेता, फॉर्म न भरता, आधी कुणाशी न बोलता, आयत्या वेळी तुम्ही न निवडलेल्या माणसाच्या मनातलं नाव सांगाल का? तो हो म्हणेपर्यंत हा व्हिडिओ माझ्या मावशीला पाठवू नका.