चेन्नईचा शिक्का, आलिकांतेचं दार

प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला रॅम्पवर आणल्या, तेव्हा कोल्हापूरइतकाच संताप सांगली-साताऱ्यातही झाला. तो रास्तच होता. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात (म्हणजे जीआय, ठरावीक भागातल्या मालाचं नाव राखणारी नोंद) महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि आपल्या चारांत सांगली व सातारा ही दोन्ही नावं आहेत. ‘जीआय असताना त्यांची हिंमत कशी झाली?’ हा प्रश्न तेव्हापासून हटलेला नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळाल्यापासून तर ‘आता आपलं नाव कुणी चोरू शकणार नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं.

जर्मनीत बसून हे वाचताना खटकतं ते असं की, आपण मानांकनाच्या प्रमाणपत्राला पासपोर्ट समजतो. तो रहिवासी दाखला आहे. 1999 चा आपला कायदा 2003 पासून लागू झाला, त्याचं कार्यालय चेन्नईत आहे आणि त्याचा अंमल भारताच्या हद्दीपर्यंत. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने सांगितलं की मायदेशात ज्या नावाला संरक्षण नाही त्याला इतरांनी द्यायची सक्ती नाही. म्हणजे चेन्नईचा शिक्का ही पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या प्रत्येक देशात जाऊन स्वतः चढाव्या लागतात.

आणि मिलानच्या शोच्या वेळी युरोपात चपलेसाठी ती पायरीच नव्हती, हे आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येतं. चीज, वाइन, हॅम यांना युरोपीय संघात कित्येक वर्षांपासून संरक्षण आहे. दार्जिलिंग चहा 2011 मध्ये आणि कांगडा चहा 2023 मध्ये त्याच वाटेने गेले. पण चप्पल, चाकू, काचसामान, वाद्यं यांच्यासाठी संघभर चालणारी व्यवस्था नव्हती. झोलिंगन हे ऱ्हाइनजवळचं चाकू-सुऱ्यांचं गाव. त्या एका नावासाठी जर्मनीने 1938 मध्ये स्वतंत्र कायदा केला होता, पण तोही जर्मनीपुरता. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीचा युरोपीय नियम 2023 मध्ये मंजूर झाला आणि 1 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. अर्ज स्पेनमधल्या आलिकांतेच्या युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयात करायचा. भारतातल्या उत्पादकांची संस्था तो थेट करू शकते किंवा भारत सरकारमार्फत. एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने अनेक देशांत नोंद देणाऱ्या लिस्बन कराराच्या जिनिव्हा दस्तऐवजाचा तिसरा रस्ता आपल्याला बंद आहे, कारण भारत त्यात सामील नाही.

तेव्हा प्राडाने कायदा मोडला का? मायदेशातल्या वकिलांनी बरोबर सांगितलं की मानांकन नावाला असतं, आकाराला नाही, आणि प्राडाने ‘कोल्हापुरी’ हा शब्दच वापरला नव्हता. पण इथे एक मेख आहे. फ्रान्समधल्या मोर्बिए चीजच्या मधोमध राखेची काळी रेघ असते. ती रेघ दुसऱ्याने उचलली, तेव्हा युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये निकाल दिला की वस्तूची ओळख पटवणारं रूप उचलल्याने ग्राहकाची दिशाभूल होत असेल, तर नाव न वापरताही ते बेकायदा ठरू शकतं. म्हणजे आलिकांतेत नोंद असती, तर अंगठ्याची गोल पट्टी, वेणी आणि कापशी या प्रकारच्या चपलेचा आकार यांवरून निदान भांडता तरी आलं असतं. ‘आकाराला संरक्षण नाही’ असं म्हणून विषय संपवणं ही घाई आहे.

मुंबई उच्च न्यायालयात जुलै 2025 मध्ये जनहित याचिका फेटाळली गेली, त्यावर आपल्याकडे नाराजी उमटली. पण याचिका करणारे ना मानांकनाचे मालक होते, ना नोंदणीकृत ‘अधिकृत वापरकर्ते’. कायद्याने दावा या दोघांनाच करता येतो. मालकी महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी प्राडाचा करार झाला: 2,000 जोड, किंमत सुमारे 800 युरो. आपल्याकडे 800 युरोवर बराच शिमगा झाला. विचारायला हवं होतं ते वेगळंच. कारागिराला जोडामागे किती मिळणार, पट्टीवर त्याचं किंवा गावाचं नाव येणार का, आणि या जोडांसाठी काढलेले नवे नमुने पुढे कुणाच्या मालकीचे?

खरी दुखरी नस आहे ती वापरकर्त्यांच्या यादीची. मानांकन संस्थेच्या नावावर असतं; ते नाव आपल्या मालावर वापरायचं तर कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईत वेगळी नोंद करावी लागते. त्याचं शुल्क 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणलं. म्हणजे अडचण पैशांची राहिलेली नाही. अर्ज, निवेदन आणि कागदपत्रं गोळा करून पाठपुरावा करणाऱ्या माणसाची आहे. मिरजेत तर सतारीचं आणि तंबोऱ्याचं मानांकन दोन वेगळ्या संस्थांच्या नावावर. एकाच दुकानात दोन्ही वाद्यं करणाऱ्याला दोन नोंदी. सत्काराच्या हारांवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज भरून झाले असते.

युरोपच्या अर्जाचा गाभा म्हणजे उत्पादनाचं सविस्तर वर्णन. वस्तू कशी होते, कोणती पायरी कुठे होते, आणि तिच्या गुणाचा त्या भूभागाशी संबंध काय. पहिल्या दोन प्रश्नांना मिरज उत्तम उत्तर देऊ शकते. तारांखालच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसेने घासत घासत असा उतार देतात की तार सुटताना त्याला हलकेच चाटत जाते आणि सूर झंकारत राहतो. हेच जवारी काढणं. केसाएवढा जास्त घासला की तार खडखडते, कमी घासला की आवाज बंद, मुका. हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत हे काम उभं केलं. तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे भूभागाशी असलेल्या नात्याचं, उत्तर या कसबात आणि या घराण्यांत आहे. ते अर्जात ‘पिढ्यान्पिढ्यांची परंपरा’ असं मोघम लिहून चालत नाही. कानस, उतार, लाकूड मुरवण्याचा काळ, भोपळा वाळवण्याची पद्धत, सगळं लिहावं लागतं.

कच्चा मालही याच वर्णनात येतो. जुन्या याद्यांत घोडी ‘हरणाच्या शिंगाची’ असते. ते शब्द एखाद्या पार्सलच्या कागदावर राहिले तर इथलं कस्टम्स पेटी उघडतंच, आणि भारतातला वन्यजीव कायदाही आड येतो. आता उंटाचं हाड किंवा कृत्रिम साहित्य वापरतात, तर तसंच लिहायला हवं. शिसवाचं लाकूड आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याने व्यापार होणाऱ्या जातींच्या यादीत आहे; 2019 च्या अखेरीपासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही.

नाव राखायला युरोपात नोंद पुरते असंही समजू नये. इथला अनुभव काही गोड नाही. फेटा या ग्रीक चीजच्या नावावर जर्मनी आणि डेन्मार्क वर्षानुवर्षं भांडले, 2005 मध्ये ग्रीस जिंकला, आणि तरीही डॅनिश माल संघाबाहेर ‘फेटा’ म्हणून जात राहिल्याबद्दल 2022 मध्ये पुन्हा न्यायालयाला निकाल द्यावा लागला. पार्मेझानच्या खटल्यात 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या देशाच्या नावासाठी जर्मनीने आपणहून पहारा द्यावा असं बंधन नाही. म्हणजे तेव्हा पहारा उत्पादकांच्या संघानेच द्यायचा होता. 2012 च्या नियमाने सरकारांवरही ते बंधन आलं, तरी संघाला डोळे उघडे ठेवावेच लागतात. इटलीच्या चीजवाल्यांकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत. मिरजेकडे कोण आहे? मानांकनाचा अर्ज निघेपर्यंत निदान सामूहिक व्यापारचिन्ह, म्हणजे संस्थेच्या सभासदांनी मिळून वापरायचं चिन्ह, तरी घ्यावं. त्याचं युरोपातलं शुल्क मालाच्या एका वर्गासाठी 1,500 युरो, ऑनलाइन अर्ज केला तर. मालाच्या गुणांची हमी देणारं प्रमाणन चिन्ह घेऊ नये. युरोपात ते भौगोलिक उगमासाठी चालत नाही, आणि सल्लागार नेमके तेच सुचवतात.

हळदीचं बोलायचं तर आपण अजून 1997 च्या विजयात अडकलो आहोत. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 मध्ये दिलं होतं, आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने पुरावे देऊन ते रद्द करवलं. अभिमान वाटावा असंच काम. पण पेटंट रद्द करणं आणि नाव राखणं ही वेगवेगळी हत्यारं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये आणि बेदाण्याला 2016 मध्ये मानांकन मिळालं, तरी मार्केट यार्डात बाहेरच्या भागातली हळदही येते आणि एकदा पोती मिसळली की कोणती कुठली हे सांगणं अशक्य. हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या, गोष्टी ऐकून युरोपातला घाऊक खरेदीदार खूश होतो, पण मागतो ती कीटकनाशकाच्या अवशेषांची चाचणी आणि शेतापर्यंत जाणारा लॉट नंबर.

आता ऑनलाइन विक्री. भारतात परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-बाजारपेठेला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. 2018 च्या अखेरीस हे नियम आणखी घट्ट झाले आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाले. हेतू छोट्या दुकानदाराला वाचवण्याचा. निर्यातीत त्याचा उलटा परिणाम होतो: निर्यातदार कायम तो कारागीरच राहतो. 500 रुपये भरून आयात-निर्यात कोड त्याने काढायचा, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकशाखेचा क्रमांक) कस्टम्सकडे त्याने नोंदवायचा, पैसे आल्याची जुळणी त्याने करायची. कटकट नको म्हणून सतार ‘भेटवस्तू’ म्हणून कुरियरने पाठवली, की बँकेत आलेल्या पैशांना कागदाचा आधार उरत नाही. फक्त निर्यातीसाठी परदेशी कंपन्यांना माल विकत घेऊ द्यावा, हा प्रस्ताव 2025 मध्ये पुढे आला आणि व्यापारी बिथरले. माझं मत प्रस्तावाच्या बाजूने आहे, एका अटीवर: मानांकनाचा माल कंपनीने स्वतःच्या लेबलखाली विकायचा नाही, आणि अधिकृत वापरकर्त्याचं नाव व नोंदणी क्रमांक वस्तूवर छापायचा. नाहीतर मिरजेची सतार ‘हॅण्डक्राफ्टेड इंडियन सितार’ होऊन जाईल. देशातल्या मोठ्या शहरांतली दुकानं हे आजही करतातच, त्याला परदेशी कंपनी लागत नाही.

इथल्या बाजूची कटकटही कमी नाही, आणि ती मायदेशातल्या चर्चेत अजिबात नसते. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपात खाद्येतर वस्तू विकायची तर मालाच्या सुरक्षिततेसाठी संघात राहणारी ‘जबाबदार व्यक्ती’ लागते. तिचं नाव, टपालपत्ता, ईमेल आणि उत्पादकाचे तपशील ऑनलाइन जाहिरातीतच दिसले पाहिजेत. नसतील तर बाजारपेठ जाहिरात उतरवते. जर्मनीत त्यावर पॅकिंगची नोंद: खोका, थर्माकोल, टेप यांच्यासाठी लुसिड नावाच्या नोंदवहीत नाव घालायचं. ते फुकट, पण त्याबरोबर पुनर्चक्रण यंत्रणेला वजनानुसार पैसे भरावे लागतात आणि जुलै 2022 पासून ऑनलाइन बाजारपेठा हा क्रमांक तपासतात. हे नियम मोठ्या कंपनीला किरकोळ आणि एकट्या कारागिराला जड. क्लस्टरने, म्हणजे कारागिरांच्या समूहाने, सर्वांसाठी एकच जबाबदार व्यक्ती नेमली तरच परवडेल.

मग भाडं. सतारीचा खोका 135 × 45 × 45 सेंटिमीटर धरला तर कुरियरच्या 5,000 ने भागायच्या हिशेबाने वजन होतं सुमारे 55 किलो, आत वाद्य काही किलोंचंच असलं तरी. आयात शुल्क मालाच्या किमतीवर अधिक भाड्यावर, आणि त्या सगळ्यावर जर्मनीत 19 टक्के व्हॅट. 150 युरोंच्या आतल्या पार्सलसाठी व्हॅट आधीच भरायची सोय आहे, पण सतार त्यात बसत नाही. ग्राहकाला हे आधी सांगितलं नाही तर तो दारात पार्सल नाकारतो आणि परतीचं भाडं मिरजेवर. म्हणून काही जण किंमत कमी दाखवतात. भोपळा वाटेत तडकला की विमा मिळतो त्या कमी किमतीचाच.

युरोपीय संघाशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी 2026 मध्ये पूर्ण झाल्या, आणि भौगोलिक मानांकनांचा करार वेगळा ठेवला गेला. युरोपची यादी तयार आहे, त्यांच्या चीजवाल्यांनी ती कधीच करून ठेवली. आपल्या यादीत मिरज, सांगली आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असावी असं वाटत असेल तर पालकमंत्र्यांच्या निवेदनापेक्षा वर्णनाचा मसुदा लवकर तयार हवा. त्यात एका वाक्यावर डोकं घालून काम करावं लागेल. सतारीचा भोपळा मिरजेत पिकत नाही, तो मंगळवेढ्याकडून येतो, लाकूड कर्नाटकातून. युरोपचा हस्तकलेचा नियम निदान एक महत्त्वाची पायरी त्या भूभागात झाली तरी चालवून घेतो. तेव्हा अभिमानाच्या भरात ‘सर्व साहित्य स्थानिक’ असं लिहू नये; लिहिलं तर मंगळवेढ्याच्या भोपळ्याची प्रत्येक सतार त्याच दिवशी नियमाबाहेर जाईल. भोपळा कुठला, लाकूड कुठलं हे सरळ लिहावं आणि जोडणी, तारा चढवणं व जवारी ही कामं मिरजेतच झाली पाहिजेत अशी अट घालावी.