ओव्हन साफ करायच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून गरम ओव्हनमध्ये फवारा, 10 मिनिटांत सगळा जळका थर निघतो" असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझी, आता डिलीट केलाय.

प्लीज हे अजिबात करू नका. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, त्यात व्हिनेगरसारखं अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन गॅस सुटतो आणि तो डोळे, घसा, फुफ्फुसं सगळ्यांनाच त्रास देतो, दमा असलेल्यांना तर जास्तच. ब्लीचच्या बाटलीवरच छापलेलं असतं की दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळू नका, मी ते नंतर वाचलं.

थर काढायचाच असेल तर ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या, प्लग काढा, खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून घट्टसर पेस्ट आतून लावा (हीटिंग कॉइलला नको), रात्रभर ठेवा आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसा. फारच जुना थर असेल तर दोनदा करावं लागतं, 10 मिनिटांत काही होत नाही.

तो जुना मेसेज आता कुणाला फॉरवर्ड करू नका, आणि आधीच पाठवला असेल तर त्यांना आजच कळवा.