रिओ तिंतो: लाल नदीचे खापर आणि धुराचा विसर

दक्षिण स्पेनच्या उएल्वा प्रांतातल्या मिनास दे रिओतिंतो या खाणगावाबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचे म्हणणे असे: १८७३ साली ब्रिटिश कंपनी येईपर्यंत इथली नदी नितळ होती, कंपनीच्या सांडपाण्याने ती लाल झाली, तीच कंपनी आजही तिथे खणते आहे, आणि १८८८ मध्ये पगारवाढ मागणाऱ्या मजुरांवर कंपनीने गोळ्या झाडल्या. तिन्ही विधाने चुकीची आहेत. नदीचे खापर कंपनीच्या माथी फोडले की तिने या गावाचे खरोखर काय केले ते झाकले जाते, म्हणून ती खोडून काढायला हवीत.

आधी नदी. १५५६ साली दुसऱ्या फिलिप राजाच्या काळात जुन्या खाणींच्या शोधात आलेल्या दिएगो देल्गादो या पाद्र्याने लिहून ठेवले आहे की या पाण्यात मासा काय, कोणताच जीव नाही. माणसे-जनावरे ते पीत नाहीत. आणि त्यात लोखंड टाकले तर काही दिवसांत ते नाहीसे होते. तेव्हा कंपनी यायला ३१७ वर्षे होती.

कारण डोंगरातच आहे. तिथल्या पायराइटमध्ये लोह आणि गंधक असते. हवा-पाणी लागले की गंधकाचे आम्ल होते आणि लोह पाण्यात उतरते. लोहावर जगणारे जिवाणू त्याचे ऑक्सिडीकरण करतात, आणि हे ऑक्सिडीकृत लोह उरलेल्या पायराइटला आणखी पोखरते. असे हे चक्र चालूच राहते. पाण्याचा पीएच सरासरी २.३ च्या आसपास, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतका. एवढ्या आम्लात लोह विरघळलेलेच राहते आणि पाणी लाल दारूसारखे दिसते. पीएच तीनच्या वर गेला की तेच लोह पिवळट-नारिंगी गाळ होऊन तळाला बसते. नदीकाठचे लोहयुक्त जुने थर तर माणसाने पहिली कुदळ मारण्याच्या लाखो वर्षे आधीचे आहेत.

खाणकामाने आम्लात भर पडली, हे मात्र खरे. खडक फोडला की हवा लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. पण ही भर कंपनीपासून सुरू झाली नाही. रोमन लोकांनी इथे लाखो टन धातुमळी, म्हणजे धातू गाळून उरलेला मळ, मागे ठेवली. खाणीत साचणारे पाणी उपसायला त्यांनी लाकडी चाकांच्या आठ जोड्या एकीवर एक बसवल्या होत्या. त्या पाणी सुमारे ३० मीटर वर चढवत.

आजच्या कंपनीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. त्या ब्रिटिश कंपनीने, म्हणजे रिओ तिंतो कंपनीने, १९५४ मध्ये या खाणींचा दोन-तृतीयांश हिस्सा स्पॅनिश भांडवलाला विकला. २००१ मध्ये बंद पडलेली खाण २०१५ पासून अटलाया मायनिंग ही वेगळीच कंपनी चालवते.

आता १८८८. इथल्या बऱ्याच खनिजात तांबे जेमतेम एक-दोन टक्के. ते थेट भट्टीत वितळवणे परवडत नसे, म्हणून तेलेरा रचत: खाली लाकूडफाटा, वर पायराइटचा ढीग, आणि आग. ढीग उघड्यावर महिनोन् महिने धुमसत राही, गंधक वायू होऊन उडून जाई. भाजलेले खनिज टाक्यांत पाण्याने धुऊन ते पाणी भंगार लोखंड भरलेल्या पाटांतून सोडत. मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवला की त्यावर तांबे चढते, तीच ही क्रिया. हिशेबाने एक किलो तांब्याला सुमारे ८८० ग्रॅम लोखंड पुरावे. प्रत्यक्षात जास्त लागते, कारण आम्ल आणि विरघळलेले ऑक्सिडीकृत लोहही भंगार खातात.

हवा पडलेली असली की हा धूर दरीत गोधडीसारखा पसरे. गावाने त्याला नावच दिले होते ‘मांता’, म्हणजे पांघरूण. अशा दिवशी काम थांबे आणि मजुरी निम्मी मिळे. आसपासची पिके आणि झाडे करपत. म्हणून ४ फेब्रुवारी १८८८ रोजी मजुरांबरोबर शेजारच्या सालामेआ ला रेआल गावचे शेतकरी, बायका, मुलेही रिओतिंतोच्या चौकात आली. अशी एकजूट त्या काळी दुर्मीळच. मजुरांचा पुढारी होता माक्सिमिलिआनो तोर्नेत. निम्मी मजुरी बंद करा, बारा तासांचे नऊ तास करा, या मागण्या होत्याच. पण सगळ्यांना जोडणारी मागणी उघड्यावरची भाजणी बंद करण्याची होती. या मोर्च्याला पगारवाढीचा संप म्हणणे म्हणजे त्या शेतकऱ्यांना चौकातून पुसून टाकणे.

गोळ्या झाडल्या त्या स्पॅनिश सैन्याच्या पाविया रेजिमेंटने. प्रांताचा गव्हर्नर स्वतः हजर होता. सरकारी आकडा १३ मृतांच्या आसपास, गावातल्या सांगण्यात तो शंभर ते दोनशे. २९ फेब्रुवारीला सरकारने तेलेरांवर बंदीचा हुकूम काढला, १८९० मध्ये तो मागे घेतला, आणि तेलेरा १९०७ पर्यंत जळत राहिल्या.